काट्याखालचं कार्ड

ताईच्या त्या पत्राला काटेमास्तरांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहानसंच होतं. ‘गाडीचं इंजिन जळलं. उष्णतेचा काटा मध्यावरच अडकून बसला, त्यामुळे यांना काही कळलंच नाही. काटा तू बसवला होतास. चूक माझी, अशी एक ओळ लिहून पाठव, म्हणजे घरातली रोजची धुसफूस थांबेल. तुझं काय जातं?’

ते शेवटचं वाक्य मास्तरांच्या जिवाला लागलं. मोटारींचे मीटर दुरुस्त करणं हाच त्यांचा धंदा. नावही त्यातूनच पडलेलं. मेहुण्यांनी चारचौघांत त्यांच्यावर खापर फोडलं, ते एक वेळ चाललं असतं. पण ताईने साधं विचारलंसुद्धा नाही. निकालच लावून टाकला.

खरी मेख अशी, की मास्तरांना स्वतःचीच खात्री नव्हती. वडिलांनी दोघा भावंडांना एकाच टेबलाशी बसवून शिकवलं होतं. काटा दांडीवर दाबण्याआधी त्याच्याखाली फट कापलेलं पोस्टकार्ड सरकवायचं, काटा बसला की कार्ड ओढून घ्यायचं. कार्डाच्या जाडीएवढी जागा राहते आणि काटा तबकडीला घासत नाही. ताई कार्ड धरायची, मास्तर काटा दाबायचे. पण मेहुण्यांची गाडी आली त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांची रीघ होती. मास्तर आठवू गेले, की कधी कार्ड दिसायचं, कधी नुसता अंगठा.

मोटारींचं काम मग हळूहळू सुटलं. भिंतीवरची घड्याळं तेवढी ते घ्यायचे. घड्याळ चुकलं तर माणसाला उशीर होतो, कुणाचं इंजिन जळत नाही.

मेहुणे गेल्या वर्षी वारले. आणि आज भाची तीच गाडी घेऊन दारात उभी होती.

“मामा, इंजिन तेव्हाच बदललं, पण काटा अजून तस्साच आहे. गाडीत बसलं की आधी डॅशबोर्डला एक ठोसा लगावायचा, मग तो जागा होतो. बाबा म्हणायचे, मामाला नमस्कार कर आणि निघ.”

मास्तर हसले नाहीत. “दुसऱ्या कुणाकडे का नाही गेलीस?”

“सगळे म्हणतात, अख्खा मीटर बदला. मला आहे तोच हवाय.”

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत तिने बॉनेट उघडून बॅटरीची तार सोडवलीही होती. बापावर गेलीय, मास्तर मनात म्हणाले. त्यांनी डॅशबोर्डमधून मीटरचा डबा काढला, टेबलावर आणला, दिवा जवळ ओढला आणि वरची काच उतरवली.

तबकडीच्या मधोमध काट्याच्या बुडाने गोल चरा पाडला होता. म्हणजे कार्ड घालायचं राहिलंच होतं. इतकी वर्षं जी भीती होती, ती दिव्याखाली लख्ख दिसत होती.

मग त्यांना लाल ठिपका दिसला. काटा काढण्याआधी तो शून्यापाशी अडवणाऱ्या खुंटीवरून सोडायचा, मोकळा होऊन जिथे थांबेल तिथे ठिपका द्यायचा आणि परत बसवताना ठिपक्यावरच आणायचा, ही त्यांची पद्धत. त्यांनी काटा खुंटीवरून हलकेच सोडला. तो ठिपक्याच्या कितीतरी अलीकडेच थांबला. तबकडीवर स्क्रूड्रायव्हरने उचकटल्याच्या दोन खोचाही होत्या. मास्तर काटा नेहमी दोन चमच्यांनी उचलायचे, खाली फडकं घालून.

“माझ्यानंतर हा कुणी उघडला होता?”

“बाबांनी,” भाची सहज म्हणाली. “तुमच्याकडून आणल्यावर काटा थरथरतो म्हणत होते. उपटला आणि अंगठ्याने गच्च दाबला. मी मागच्या सीटवर होते, आई टॉर्च धरून उभी. ती सारखी म्हणत होती, कार्ड घाला, खाली कार्ड घाला. बाबा म्हणाले, तुझ्या माहेरचं टपाल इथे नको.” ती थांबली. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

“इंजिन कधी जळलं?”

“त्यानंतरच. त्याच सुट्टीत.”

थरथरत होता म्हणजे काटा मोकळा होता; मास्तरांनी कार्ड घातलं होतं. टॉर्च ताईच्या हातात होता. तिला दिसलं होतं, कळलं होतं, आणि तरी तिने ते पत्र लिहिलं होतं. तुझं काय जातं.

त्यांनी चमच्यांनी काटा उचलला, दांडी पुसली, कपाटातून एक कोरं पोस्टकार्ड काढून त्याला फट कापली. “हे धर.” भाचीने कार्ड धरलं, त्यांनी काटा ठिपक्यावर दाबला. “आता ओढ.” त्यांनी फुंकर घातली. काटा उठला आणि आपोआप परत आला. हात शाबूत होता. तेव्हाही होता. पण आता त्या हाताखाली गिऱ्हाइकांची घड्याळं तेवढी उरली होती.

मीटर जागेवर गेल्यावर त्यांनी तेच कार्ड पुढे ओढलं. ‘ती. ताईस’ लिहिलं. पुढे साष्टांग नमस्कार लिहायला पेन टेकलं आणि उचललं. त्याखाली, फट चुकवून, लिहिलं: ‘पत्र मिळालं होतं. मी कार्ड घातलं होतं.’ सही केली नाही. फट बघून ती ओळखेल.

“द्या की, मी उद्या आईकडेच जातेय,” भाची म्हणाली.

“नको. तिचं पत्र टपालाने आलं होतं.”

कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत ते चालत गेले. कार्ड आत टाकलं. पडल्याचा आवाज काही आला नाही. मास्तर थोडा वेळ ऐकत थांबले, मग त्यांनी पेटीला एक ठोसा लगावला आणि घराकडे वळले.