धवल्यातली कापलेली ओळ

क्षिप्राने तोच तुकडा सातव्यांदा ऐकला आणि हेडफोन काढून टेबलावर आपटला. एक मिनिट बेचाळीस सेकंदांवर म्हातारीचा श्वास अर्धाच होता. बाकी गाण्यात बाई प्रत्येक ओळ उचलण्याआधी छाती भरून श्वास घेत होती, चांगला ऐकू येईल इतका. इथे मात्र श्वास सुरू झाला न झाला तोच पुढची ओळ. म्हणजे मधलं काहीतरी कापलं होतं, आणि घाईघाईने कापलं होतं.

"सिद्धेश, इथे कट आहे."

सिद्धेश समोर बसून वडापाव खात होता. कॉलेजच्या एडिटिंग रूममध्ये खायला बंदी होती, पण शनिवारी दुपारी विचारतंय कोण.

"आजी खोकली मध्ये. काढून टाकलं."

"मग खोकल्यासकट मूळ फाईल दे. मी नीट जोडते."

"फोनमधून उडाली गं ती," तो म्हणाला आणि कागदावरची सुकी चटणी बोटाने गोळा करू लागला.

उडाली म्हणे! क्षिप्राने मनात एक खूण करून ठेवली. अशा खुणा आता बऱ्याच झाल्या होत्या.

शेवटच्या वर्षाचं काम सरळ होतं. दोघांच्या जोडीने एका गाण्याचा व्हिडिओ करायचा, त्याच गाण्याच्या अल्बमचं मुखपृष्ठ करायचं आणि गायकाच्या सहीचं संमतीपत्र जोडायचं. सिद्धेश कोलशेतचा, आगरी. त्याची आजी हौसाबाई धवलारीण, म्हणजे लग्नात विधी चालू असताना धवले गाणारी बाई. "माझी आजी गाईल ना," असं तो पहिल्याच दिवशी छाती पुढे काढून म्हणाला होता. पंधरा दिवसांनी त्याने गाणं आणलंही. आवाज असा, की क्षिप्राने ते लगेच पुन्हा लावून ऐकलं होतं.

पण ती आजी काही दिसेना. शूटिंगला येते म्हटलं की आजीचे गुडघे दुखत, नाहीतर आजी लेकीकडे गेलेली असे. शेवटी व्हिडिओत हळद कुटणारे हात आले, खाडी आली, तांदळाच्या पिठाचा चौक आला आणि त्या चौकावर शेजारी शेजारी मांडलेले दोन रिकामे पाट आले. चेहरा कुठेच नाही. पाटांचा फोटो क्षिप्राने मुखपृष्ठावर घेतला, तेव्हा सिद्धेश म्हणाला, "आजीचं नाव नको टाकूस. तिला आवडत नाय." संमतीपत्र तर "आणतो, आणतो" करत अजून कोरंच होतं.

त्यात परवा वर्गातल्या ऋजुताने गाणं ऐकलं आणि म्हणाली, "अगं, हे मी ऐकलंय. कल्याणला एका लग्नात." बस्स, क्षिप्राचा संशय पक्का झाला. गेल्या सेमिस्टरला तिच्या पोस्टरवरचा फोटो इंटरनेटवरून उचललेला निघाला होता. वेळ नव्हता, एकच फोटो तर आहे, असं म्हणून तिने तो घेतला, आणि विनीत सरांनी शून्य दिलं. पुन्हा उचलेगिरी सापडली तर वर्ष बाद, असं लेखी घेतलं होतं त्यांनी. घरी अजून कुणाला पत्ता नव्हता. आता सिद्धेशने कुठल्या तरी कॅसेटमधला धवला उचलून आजीच्या नावावर खपवला असेल, आणि कापलेल्या ओळीत खऱ्या गायिकेचं किंवा कंपनीचं नाव असेल, तर सोमवारी सगळ्यांसमोर काम दाखवताना दोघांचं भरीत होणार होतं. सिद्धेशचं झालं तर झालं. पण तिचं का म्हणून?

रविवारी सकाळी "ऋजुताकडे जाते" असं आईला सांगून, संमतीपत्राची एक कोरी प्रत सोबत घेऊन तिने स्कूटी काढली. शीळफाट्याला नेहमीसारखी कोंडी होती. ट्रेलरच्या धुरात उभी राहून ती सिद्धेशला काय काय ऐकवायचं ते ठरवत होती, आणि दर सिग्नलला त्यात भर पडत होती.

कोलशेत गावाच्या तोंडाशी एक बाई मासळीची पाटी घेऊन बसली होती. क्षिप्राने अंदाज घेत विचारलं, "इथे कुणी हौसाबाई म्हणून आहेत?"

"धवलारीन? त्या टॉवरच्या मागं, निल्या दाराचं घर."

म्हणजे बाई होती तर. क्षिप्राला हायसं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. बाई खरी आहे, तर मग लपवलं काय?

ओट्यावर एक सुकलेली, ताठ म्हातारी सुपात जवळा निवडत बसली होती. तिने मान वर केली आणि क्षिप्राला चपलांपासून केसांपर्यंत निवांत बघून घेतलं.

"सिद्धेश आहे का?"

"त्यो गेलाय ठान्याला. तू शिपरा," म्हातारी म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"गान्यात नाव घेतलंय तुझं. नाव घेतलेली पोर मना वलखू येनार नाय? बस."

क्षिप्रा बसली नाही. "माझं नाव? गाण्यात कशाला?"

"नवरीचं नाव नको घ्याया?" हौसाबाई जवळ्यातला खडा काढून अंगणात टाकत म्हणाली. "लगीन ठरलंय बोलला सिद्धेश. पोरगी डोंबिवलीची, शिपरा नाव. रजिस्टर लगीन करनार, तवा मांडव नाय, धवला नाय. मंग आताच फोनमंदी गाऊन दे बोलला, आयकू आमी."

क्षिप्राची कानशिलं तापली. शीळफाट्यापासून जुळवत आणलेलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं. तो समोर असता तर तिने हातातलं हेल्मेट फेकून मारलं असतं.

"आजी, असं काहीही नाहीये! आम्ही एका वर्गात आहोत फक्त. हे कॉलेजचं काम आहे. खोटं बोलला तो तुमच्याशी!"

"मना म्हाईत हाय."

"माहीत आहे? मग गायलात कशाला?"

"लग्नाबिगर धवला गायाचा नस्तो गो. मोठमोठी मानसं आयली मशीन घेऊन, मी तोंड उघरलं नाय. कल्यानपातूर गायलेय, पन मांडवात. त्या पोराला ठावं होतं ह्ये, म्हनून थाप मारली." तिने सूप बाजूला सरकवलं. "पन खोटं बोलनारा मानूस डोल्यात बघतो. पटलं का नाय, त्ये बघाया. ह्यानं तुझं नाव घेतलं आन् खाली बघत बसला. मंग मी बोलली, बघू तर."

क्षिप्रा आता बसली. पायरीवर, हेल्मेट आणि संमतीपत्राचा कागद मांडीवर घेऊन.

"मी बी काय कच्ची नाय," हौसाबाई म्हणाली. "नवरीचं नाव घातलं. नवऱ्याची जागा आयली, तितं थांबली. त्याच्याकरं बघत ऱ्हायली. बोल की रं, तुझं नाव घालू? यो काय बोलला नाय. जागा तशीच सोरली आन् फुरं गेली."

आतून कुकरची शिट्टी झाली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही. क्षिप्राला एकदम वर्गातला सिद्धेश आठवला. तिच्या स्कूटीची चावी हरवली तेव्हा तो दोन तास पार्किंगमध्ये वाकून शोधत होता. तेव्हाही तिला वाटलं होतं, यानेच लपवली नसेल ना? आता त्या आठवणीने तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा राग आला.

तिने फोन काढून गाणं लावलं. हौसाबाई डोळे मिटून ऐकत होती. एक मिनिट बेचाळीसला तिने डोळे उघडले.

"हितं कापलंय."

"हो."

"नवरीला काढून टाकली? मंग ह्यो धवला ऱ्हायला कुनाचा?" म्हातारीचा आवाज चढला. "कागुद आनलाय ना सहीचा? परत लाव ती वल, मंग सही. नायतर दुसरं गानं बघ जा."

एवढं म्हणून ती पुन्हा जवळ्याकडे वळली. क्षिप्रा हिशोब करू लागली. सही नाही, तर ही उचलेगिरीच ठरणार, म्हणजे सोमवारी शून्य, आणि वर्ष बाद. सही हवी, तर भरल्या हॉलमध्ये, चाळीस पोरांसमोर तिचं नाव नवरी म्हणून गायलं जाणार. ऋजुता खिदळणार. वार्षिक कार्यक्रमात हेच व्हिडिओ दाखवतात, तिथे आईबाबा येणार आणि पहिल्या रांगेत बसून ऐकणार. शेजारी सिद्धेश उभा असणार.

"लावते," ती म्हणाली.

"सही आता घेशील, आन् कापलेलंच देशील तितं."

इतके दिवस संशय घेण्याचं काम क्षिप्राकडे होतं. तिच्यावर कुणी घेतला की कसं वाटतं, ते आज पायरीवर बसून कळत होतं.

"खरंच लावते, आजी."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण सुपातल्या जवळ्याकडे बघतोय. तिने चटकन मान वर केली, पण उशीर झाला होता. हौसाबाई हसत होती. सगळं तोंड सुरकुत्यांनी भरलं होतं.

"दे पेन," ती म्हणाली. एकेक अक्षर कोरत तिने नाव लिहिलं आणि वर विचारलं, "जेवून जाशील? जवला हाय."

क्षिप्रा जेवली. दोनदा भात घेतला.

घरी पोचल्यावर तिने सिद्धेशला फोन लावला.

"मूळ फाईल पाठव."

"अगं बोललो ना, उडाली ती—"

"आजींनी सही केलीये."

पलीकडे गाडी कडेला घेतल्याचा आवाज आला.

"तू कोलशेतला गेलेलीस?"

"फाईल पाठव, सिद्धेश."

"मी सांगणार होतो. आई शपथ. प्रोजेक्टपुरतंच बोललेलो मी."

"प्रोजेक्टपुरतंच?"

त्याने फोन ठेवला. पाच मिनिटांनी फाईल आली.

क्षिप्राने खोलीचं दार लोटलं, हेडफोन घातला. एक मिनिट बेचाळीस. म्हातारीने छाती भरून श्वास घेतला, पूर्ण.

*बस गो पाटावं शिपरा नवरी, तुझे जोडीला बसं...*

आणि थांबली. लांबवर कुणाची तरी कोंबडी ओरडली. मग फोनच्या अगदी जवळ कुणीतरी बोलायला म्हणून श्वास घेतला आणि न बोलता तसाच सोडला. हौसाबाईने पुढची ओळ उचलली.

क्षिप्राने तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला. या वेळी मोजला नाही, किती वेळा ऐकला ते. मग ती ओळ जागेवर बसवली आणि त्या थांबण्यावर दोन पाटांचं चित्र लावलं. मुखपृष्ठ उघडून खाली हौसाबाईचं नाव टाकलं. परत व्हिडिओवर येऊन ती मोकळी जागा मापली, तर चार सेकंद भरली. गाण्याच्या व्हिडिओत एक सेकंद रिकामा गेला की प्रेक्षक गेला, हे विनीत सरांचं पहिल्या वर्षापासूनचं पालुपद होतं. सोमवारी ते हेच म्हणणार होते, कापा.

तिने ते चार सेकंद तसेच ठेवले.