नळीतला गुलाबी रंग

मित्रांनो, मी एक जुना हवा ओढणारा पंप आहे आणि मला जरा घाई आहे. फळीवर पडून पडून अंगाला मुंग्या आल्यात. कुणी परत खोक्यात घालायच्या आत सगळं सांगून टाकतो.

माझ्या तोंडाला एक काचेची नळी जोडतात. तिच्यात पाण्यासारखं औषध भरायचं आणि मला चालू करायचं. हवेत विषारी वायू असला, की ते गुलाबी होतं. तरुणपणी मी कारखान्यांच्या धुराड्यांखाली दिवस दिवस धडधडलो. लोक कौतुक करायचे. मग नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे चार वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. धूळ झटकायचे ते एकटे शिपाईमामा, हल्ली तर खोकत खोकत.

परवा तिथे प्राध्यापकांचं प्रशिक्षण भरलं. विषारी हवेला आळा कसा घालायचा हे मुलांना शिकवायचं, म्हणून आधी यांनी शिकायचं. पहिल्यांदा खोलीतली स्वच्छ हवा मोजायची, मग रस्त्यावरची. कोपऱ्यात ॲसिडच्या वाफा बाहेर टाकणारं काचेचं कपाट होतं. तिथे मामा पुढच्या प्रयोगाची तयारी करत होते. मी चालू झालो आणि नळी खोलीतच गुलाबी झाली.

शिकवायला उभे असलेले आमच्या कॉलेजचे मोठे सर हसले. "म्हातारा झालाय बिचारा. पुस्तकात शून्य दिलंय, शून्यच लिहा."

सरांनी स्वतःच्या वहीत शून्य लिहिलं, आणि वीस जणांपैकी एकोणीस जणांनी तेच केलं. मी इतका थरथरलो, की टेबलावरून पडता पडता वाचलो.

मागच्या बाकावरच्या बाईंचं पेन मात्र थांबलं. "मामा, हा खोकला कधीपासून आहे हो?"

"कपाटाचा पंखा दुरुस्त झाला ना, तेव्हापासून. आठ महिने झाले. घरचे म्हणतात, वय झालं."

बाईंनी कपाटाच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली. ती आत ओढली जायला हवी होती, ती बाहेर फडफडली. दुरुस्तीनंतर पंखा उलटा फिरत होता. सगळ्या वाफा मामांच्या तोंडावर येत होत्या.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी खिडक्या उघडल्या आणि मामांना स्वतः दवाखान्यात नेलं. खोकला कमी होईल, पण छाती पहिल्यासारखी व्हायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. सरांनी आपल्या वहीतलं ते शून्य खोडलेलं नाही. पहिल्या तासाला ते मुलांना तेच दाखवणार आहेत.

मला पुसा, तेलपाणी करा, एवढं तर मी मागणारच. पण मित्रांनो, माझं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, तर आधी खोलीत कोण खोकतंय ते बघा.