खोली कोण खाली करणार

दिवाळी झाली की वडशात नाटककंपन्या येतात आणि घरमालकांच्या अंगात वारं शिरतं. कंपनीला होळीपर्यंत, सीझनभर खोल्या लागतात, मागाल ते भाडं मिळतं.

आमच्याकडं भाड्याची खोली एकच. तिच्यात शकिला राहते आणि कंपन्यांचेच कपडे शिवते, राजांचे अंगरखे, नाचणाऱ्या पोरींचे घागरे. वर्षाचं पोट याच सीझनवर.

मालक म्हणजे आमचे हे, देवराव. माजरीच्या खाणीत असताना मोर्चात 'कसेल त्याची जमीन' असे ओरडायचे, की घरी येऊन मीठ मागायला आवाज उरत नसे. रिटायर झाल्यावर घर बांधलं. चिखल मी तुडवला, विटा दोघांनी वाहिल्या, कागदावर नाव यांचं. आणि आवाज परत आला.

त्या दिवशी सकाळपासून यांना चैन नव्हतं. खिशात नवं कुलूप. शकिलाच्या दारापर्यंत जात, खोकत, परत येत. मीही निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होते.

शेवटी बोलले एकदाचे. "शकिलाबाई, खोली आजच खाली करा. होळीपर्यंत कंपनीले देली. कंपनीवाले सांजच्याले येऊन राह्यले."

मशीन थांबली. तोंडात टाचण्या धरूनच ती म्हणाली, "भाऊ, कामं तं आत्ताच आली. मी कुठी जाऊ?"

"ते मले काय मालूम? घर माहं हाय."

ती गुमान कापडं गोळा करू लागली. अर्धा अंगरखा, एकच बाही. मला बसवेना. सूप ठेवलं, आम्ही दोघं निजतो त्या समोरच्या खोलीत गेले आणि यांची खाट ओढत अंगणात आणली.

"बायना, हे काय करून राह्यली?"

"कंपनीले खोली पाह्यजे ना? आपली देऊ. मोठी बी हाय."

"अन् मी कुठी निजू?"

"ते मले काय मालूम?"

शकिलानं टाचण्या तळहातावर काढल्या, मग हसली. शिवणाऱ्या बाईला हसायलाही सवड काढावी लागते.

"लोक काय म्हणतीन?" हे चिडले.

"म्हणू द्या. कसेल त्याची म्हणे ना तुमी? ती तिथी शिवते. आपण इथी नुसते निजतो. निजणाऱ्यानं उठावं."

यांनी मग माझ्याकडं पाहिलं नाही. खाटेचं दुसरं टोक मात्र धरलं.

सांजेला कंपनीची माणसं समोरच्या खोलीत हार्मोनियम, पेट्या लावत होती. हे स्वयंपाकघरात, मडक्यांच्या मधात, पाय आखडून. या कुशीवर, त्या कुशीवर. पलीकडं मशीन चाललेली.

"बायना, होळी कधी हाय?"

"कॅलेंडर पाहा ना."

यांनी मान उचलून स्वयंपाकघराच्या भिंती पाहिल्या.

"ते समोरच्या खोलीत राह्यलं."