रिकामी गाठ

मी पाळणाघर चालवते. दोन खोल्या, एक मोरी आणि एकच खिडकी. ती उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. तिथं दिवसभर दोन ते चार वर्षांची पोरं सांभाळायची म्हणजे खेळ नाही. म्हणून रोज सकाळी खाणं उरकलं की मी सगळी पलटण कोपऱ्यावरच्या बागेत नेते. आमची टिकली तर आई सोडून गेली की भोकाड पसरते, ते घसरगुंडी दिसेपर्यंत. बाग बंद झाली तर या पोरांना ऊन कुठं दिसणार? आणि ती मी बंद होऊ देणार नव्हते, कुणाचा बाप आला तरी.

रस्त्यावरून नेताना माझ्याकडे दोर असतो. जुन्या चादरी फाडून मीच वळलाय. त्याला गाठी आहेत, एकेका गाठीला एकेक पोर. गाठी भरलेल्या असल्या की चालायचं. एखादी सुटलेली दिसली की "गाठ रिकामी!" म्हणून ओरडायचं आणि सगळ्यांनी आहे तिथं बसकण मारायची. ती भरेपर्यंत उठायचं नाही. एकदा एक कार्टं फुगेवाल्याच्या मागे निघालं होतं, तेव्हापासून हा नियम. पोरं हात धुवायचं विसरतात, पण हे कधीच विसरत नाहीत.

परवा बागेच्या फाटकावर नवी पाटी लागली. 'लहान मुलांना घोळक्याने आणण्यास मनाई.' खाली बाग समितीचे अध्यक्ष जातीने उभे.

"बाई, हिरवळ नवीन लावलीय. शिवाय लोक इथं शांततेसाठी येतात."

"का, घरी मिळत नाही वाटतं?"

अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "नियम म्हणजे नियम."

"नियम आमच्याकडेही आहेत," मी म्हटलं आणि दोर घेऊन सरळ आत शिरले. निम्मी पोरं माझ्यामागून आतही आली.

शेवटच्या गाठीला टिकली होती. ती अजून फाटकाबाहेरच होती. अध्यक्षांनी पुढे होऊन तिचा हात गाठीवरून सोडवला आणि तिला बाजूला ओढलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकाच्या लेकराला हात लावतो म्हणजे काय! मी मागे वळणार, तेवढ्यात तिच्या पुढचा पोरगा कोकलला, "गाठ रिकामी!"

झालं. सगळी पलटण खाली. बरोबर फाटकात.

आतल्या लोकांना बाहेर जाता येईना, बाहेरच्यांना आत येता येईना. फेऱ्या मारायला आलेल्या एक काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो अध्यक्ष, आम्ही काय उड्या मारत जायचं?"

"उठवा यांना!" अध्यक्ष माझ्यावर खेकसले.

"मी नाही उठवणार. आज असंच उठवलं तर उद्या भर रस्त्यात कुणी बसायचं नाही. मग एखादं गाडीखाली आलं तर तुम्ही येणार का भरून द्यायला?"

मग ते पोरांवरच ओरडले. पोरं ढिम्म. कोकलणाऱ्यानं मान वर करून त्यांना समजावलं, "आजोबा, टिकलीची गाठ रिकामी आहे ना."

टिकली रडत नव्हती. दोराकडे हात करून नुसती उभी होती. मागे खोळंबलेल्यांची कुजबुज वाढली. काकू हसू लागल्या. अध्यक्ष गुडघ्यावर हात टेकत कण्हत वाकले आणि त्यांनी टिकलीची बोटं स्वतःच्या हातानं गाठीभोवती मिटवली.

"घ्या! आता उठवा आणि बाहेर काढा."

उठवायची वेळच आली नाही. गाठ भरली की चालायचं. पोरं उठली, त्यांनी ढुंगणं झटकली, आणि दोराचं तोंड होतं तिकडं निघाली. आत, घसरगुंडीकडे. सगळ्यात शेवटी टिकली, पाटीच्या खालून.

"उद्याही येणार आहोत," मी मागे वळून अध्यक्षांना सांगितलं. "कुणाची गाठ सुटली तर हातात द्यायला तुम्ही आहातच."