शेपूट राहिलं

पेट्रोल. उडण्याआधी जावयाने विमानाच्या टाकीत काठी बुडवून पाहिली. मागे एकदा नुसता काटा बघून उडाला होता. काटा म्हणाला टाकी भरलेली, टाकी म्हणाली रिकामी, आणि विमान उतरलं कोबीच्या शेतात. मेव्हणा तेव्हापासून त्याला कोबीराव म्हणतो. दुसऱ्या खेपेला इंजिनाचं झाकण नीट लावलं नव्हतं. ते हवेत उघडलं, गडबडीत उतरताना चाक वाकलं. त्याला उडायला शिकवणारे क्लबचे मास्तर शांतपणे म्हणाले, "तिसरा अपघात झाला की किल्ली माझ्याकडे. कायमची."

त्या रात्री जावई जेवला नव्हता.

डावा पंख. तो कडेवरून हात फिरवत होता. मागोमाग सासूबाई. त्या आज पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या.

"जावईबापू, इथे खरचटलंय."

"जुनं आहे, आई."

"कोबीचं?"

"नाही, ते दुसऱ्या वेळचं."

"दुसरी वेळ कुठली?"

कुंपणाला टेकून चहा पिणारा मेव्हणा खूश झाला. "विचार आई, विचार. दाजी सगळं सांगतील."

शेपूट. (सांगता सांगता जावई पुढे निघून गेला. इथे काही घडलं नाही.)

उजवा पंख. (इथेही.)

नाक. तेल बघितलं. झाकण तर इतक्यांदा दाबलं की बायको म्हणाली, "अहो, पुरे."

आत. सासूबाईंनी उलटीची गोळी घेतली होती आणि डोळे गच्च मिटले होते. इंजिन सुरू झालं. जावयाने दांडा पुढे ढकलला. विमान गरजलं, थरथरलं, पण जागचं हलेना. त्याने आणखी ढकलला. मागचं गवत आडवं झालं.

"किती उंच आलो?"

"अजून थोडं आहे, आई."

"वर गार वाटतं, नाही?"

समोर मास्तर उभे होते. त्यांनी गळ्यावरून आडवा हात फिरवला, इंजिन बंद कर म्हणून. मग बोट मागे दाखवलं. वाऱ्याने विमान उलटू नये म्हणून शेपूट जमिनीतल्या कडीला बांधून ठेवतात. ते बांधलेलंच होतं.

वाद. "हा तिसरा!" मेव्हणा ओरडला.

"हललंसुद्धा नाही, अपघात कसला?" बायको.

"अगं ताई, हललं नाही तेच तर!"

मास्तरांनी चष्मा पुसला. "तुझी तपासणी आज दोरीने केली. मी हा अर्धा अपघात धरतो. पुन्हा फेरी मार, पहिल्यापासून."

शेपूट, पुन्हा. दोरी सोडली. सोडताना कोणाकडे बघितलं नाही.

उजवा पंख, पुन्हा. मागच्या कडेची हलती पट्टी त्याने वर-खाली केली. कुठेतरी टक् वाजलं. बिजागरीच्या बोल्टला बोट लावलं, तर बोल्ट बोटाबरोबर फिरला.

त्याने मान वर केली. कोणी पाहिलं नव्हतं. मेव्हणा फोन रोखून उभा होता. बायको हात हलवत होती. उरलेला अर्धा हाच तर नाही? त्याने बोल्ट हळूच परत आवळून पाहिला. तो पुन्हा फिरला.

"मास्तर," त्याने हाक मारली, "बोल्ट सैल आहे. आज उडत नाही मी." आणि किल्ली पुढे केली.

मास्तर आले. त्यांनी बोल्ट फिरवला, तो सरळ हातात आला. मग बोल्ट खिशात घातला. किल्लीला हातही लावला नाही.

"हा धरायचा का?" जावयाने विचारलं.

"काय धरायचं? काही झालंय का इथे?" ते मेकॅनिकला हाक मारायला गेले.

आत, पुन्हा. सासूबाई उतरायला तयार नव्हत्या. "गोळी घेतलीय मी. दुरुस्त होईपर्यंत बसते."

"आई, खाली ये, लोक बघताहेत," मेव्हणा म्हणाला.

"बघू देत. तूही ये ना, मागे जागा आहे."

मेव्हण्याने लगेच फोन कानाला लावला. "हॅलो? हो, हो, बोला ना," म्हणत तो फाटकाकडे निघाला. फोन वाजला नव्हता.