तिसऱ्या पावलावर तुटणारा पूल

दिनांक ९ डिसेंबर २००९, बुधवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, आंबागडजवळच्या तलावावर दोनशे बारा प्रेक्षकांसमक्ष एक स्पॅनिश नट सातव्यांदा पडला नाही.

त्याने पडावे म्हणून माद्रिदहून तेवीस माणसे आली होती. चित्रपट विनोदी होता. शांतीच्या शोधात भारतात आलेला श्रीमंत वारस दिसेल तिथे पडतो, एवढेच त्याचे कथानक. दिग्दर्शक इग्नासिओ यांच्या मते त्यात तत्त्वज्ञानही होते. ते अद्याप कोणाला सापडले नव्हते. नटाच्या चेहऱ्यावर खरे भय उमटावे म्हणून पूल तुटणार असल्याचे त्याला सांगितलेले नव्हते. हे गुपित तिघांनाच ठाऊक होते: इग्नासिओ, दुभाषी तृप्ती आणि पूल रचणारे केशवराव.

तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या केशवरावांनी बत्तीस वर्षे विद्यार्थ्यांना न तुटणाऱ्या गोष्टी शिकवल्या होत्या. तुटणारी गोष्ट त्यांनी तितक्याच निष्ठेने केली. नत्थू सुताराने पूल बांधला. तो घरी गेल्यावर केशवरावांनी दोन्ही तुळया खालून तीन चतुर्थांश कापल्या आणि सहीनिशी लिहून दिले: सत्तर किलोंहून अधिक भार आल्यास पूल तिसऱ्या पावलावर तुटेल.

नट चौऱ्याहत्तर किलोंचा होता. बॅग घेऊन तो सात वेळा आरामात पलीकडे गेला. बॅग घेऊन चालणे ही स्पेनमधली मोठी कला असावी, अशा समजुतीने लोकांनी सातही वेळा टाळ्या वाजवल्या.

"सर, इग्नासिओ म्हणतात, दुपारच्या जेवणानंतर सामान आवरायचं," तृप्ती हळूच म्हणाली. "नाकाडोंगरीकडे एक पूल आहे म्हणे, ठेकेदाराचा. तो आपोआप पडतो."

"ठेकेदार कोण?"

"चंद्रकुमार. तुमचाच विद्यार्थी ना?"

केशवरावांनी चष्मा पुसला. कापलेल्या तुळयांपेक्षा हे वाक्य त्यांना अधिक खोल गेले. सहीचा कागद इग्नासिओच्या खिशात होता आणि बत्तीस वर्षांत त्यांचे गणित कधी चुकले नव्हते. मंडळी जेवायला बसताच ते धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यात, शिंगाड्यांच्या वेलींतून पुलाखाली गेले.

दोन्ही कापांवर लोखंडी पट्ट्या होत्या. प्रत्येकीला चार बोल्ट. काम सुबक होते.

"नत्थू."

नत्थू काठावर उकिडवा बसला. आजूबाजूला पाहून त्याने आवाज उतरवला.

"काल सांजच्याले मले दिसलं, सर. तुळया अर्ध्याच्या वर कापून ठेवल्या होत्या. म्हटलं, सरायचं वय झालं, हात चुकला असन. पाहुणा पडला असता तं तुमची इज्जत गेली असती. मी चुपचाप पट्ट्या मारून देल्या. कोणाले सांगितलं नाही."

"मला तरी सांगायचं."

"कायले? तुमाले वाईट वाटलं असतं."

एवढे निर्दोष उत्तर बत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने दिले नव्हते. नत्थूचे नाव सांगितले असते, तर गणित त्याच क्षणी निर्दोष ठरले असते आणि नत्थू दोनशे बारा लोकांपुढे मूर्ख. केशवरावांनी हात पुढे केला.

"पान्हा दे."

"तुटल ना, सर."

"तुटायलाच हवा. सिनेमा आहे."

नत्थूने कमरेचा पान्हा काढला. "तं मंग तो चांगला चालून राहिला होता, तं हे लोक कायले चिडून राहिले होते, ते आता समजलं," तो म्हणाला आणि स्वतःच पाण्यात उतरला.

जेवणानंतर केशवरावांनी तृप्तीला निरोप दिला: दुरुस्ती झाली आहे, आणखी एक संधी द्या. तिने तो स्पॅनिशमध्ये सांगितला. इग्नासिओ हसले, चित्रपटात अद्याप न आलेले हसू ते. त्यांनी खिशातला कागद काढला, उंच धरला आणि या प्रमाणपत्राची लायकी सर्वांना दाखवण्यासाठी स्वतःच ताडताड पुलावर निघाले. तृप्ती ओरडेपर्यंत दोन पावले झाली होती.

छायाचित्रकाराने यंत्र बंद केले नव्हते. सात वेळा कंटाळल्यावर बंद करण्याचेही त्याला सुचले नव्हते. दिग्दर्शक डोक्यावर शिंगाड्याची वेल घेऊन वर आले. सर्वांत आधी नट हसला, मग बावीस स्पॅनिश माणसे, मग अख्खा काठ. टाळ्या आठव्यांदा वाजल्या. नत्थूने पाहुण्याला खांद्याला धरून बाहेर काढले आणि भिजलेला कागद केशवरावांच्या हातात दिला.

शाई पसरली होती, पण आकडा वाचता येत होता. केशवरावांनी खाली नोंद केली.

अपेक्षित पाऊल: तिसरे. प्रत्यक्ष पाऊल: तिसरे. फरक: शून्य.