फुटाचे इंच बारा

भिंतीवर कुंकू माखून लटकलोय, तो मी टॉर्क पाना बोलतोय. नमस्कार नको. झालेत तेवढे पुरे आहेत.

माझा जन्म विलायतेतला. लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून मी नागपूरला आलो आणि अमरावती रोडवर, वाडीच्या एका ट्रक वर्कशॉपात पडलो. माझं काम साधं. मुठीवर आकडा लावा आणि बोल्ट कसत जा. तेवढा जोर झाला की मी ‘टक’ करतो. त्यापुढे जाऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

पण माझ्या अंगावर आकडे आहेत ते इंच-पौंडाचे. जोर मोजायच्या मापांत फूट-पौंड हा थोरला, इंच-पौंड धाकटा. फुटात इंच बारा, म्हणून असे बारा धाकटे मिळून एक थोरला होतो. शाळेतल्या पोरालाही कळेल असं हे गणित.

वर्कशॉपात मला हाताळायचा तो देवाजी. अबोल माणूस. काम संपलं की तेलाच्या फडक्यानं मला मुठीपासून टोकापर्यंत पुसायचा आणि मगच आपले हात धुवायचा. मला तेवढ्यात सगळं मिळायचं.

एकदा मालकांनी, ईश्वरदासांनी, फर्मान काढलं की यापुढे इंजिनं कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच कसायची. पुस्तकात लिहिलं होतं, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट शंभर फूट-पौंडावर कसा. देवाजीनं मला उलटंपालटं करून पाहिलं.

“साहेब, याच्यावर तं इंचाचे आकडे हायेत. कितीवर लावू?”

फोरमन गणपतराव तेव्हा नव्या मापांच्या भलत्याच प्रेमात होते. आणे गेले, शेर गेले, सगळं दहाच्या हिशोबात आलं, हे ते चहाच्या टपरीवरही सांगत सुटायचे.

“आता काहून डोकं खाजवून राहिला गा? सगळं दसमान झालं. एक शून्य वाढव. हजारावर लाव!”

बाराशे हवे होते. मी हजारावर ‘टक’ केलं. दुसरं काय करणार होतो? देवाजीनं विश्वासानं हात थांबवला. अशी तीन इंजिनं बांधून झाली.

मग खंडेनवमी आली. सगळी हत्यारं पाटावर मांडली. देवाजीनं मला लख्ख पुसून रांगेत ठेवलं आणि तो मागे सरकला. त्याच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला होता. तो पूजेत बसत नसे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सुट्टी घेऊन, पांढरे कपडे घालून तो दीक्षाभूमीवर गेला. तोवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

आठवड्यानं कोंढाळीच्या पुढे एक ट्रक बंद पडला. बोल्ट ढिले होऊन रॉड सुटला होता आणि इंजिन फोडून बाहेर आला होता. मालक लाल झाले.

“कोणी कसलं हे?”

“मीच कसलं, मालक,” देवाजी म्हणाला. “साहेबांनी सांगितलेल्या आकड्यावरच कसलं. टक झालं तवाच हात थांबवला.”

गणपतरावांनी आकड्याचं नावच काढलं नाही. “हत्याराले कधी हात जोडले काय गा तू? मंग असंच होते.”

“हात नाही जोडले साहेब. पण रोज पुसतो मी त्याले.”

मालकांनी त्याच दिवशी त्याला काढलं. मी अपशकुनी ठरलो आणि नवा पाना आला, फूट-पौंडाचा. गणपतरावांनी तो शंभरावर लावून, वर्कशॉपातच असलेल्या माझ्या हातच्या दुसऱ्या इंजिनावर टेकवला. बोल्ट आणखी फिरला. ते थबकले. खिशातली फूटपट्टी काढून तिच्यावरचे इंच बोटानं मोजत राहिले. बाराला बोट थांबलं, तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला.

त्या रविवारी एकट्यानं येऊन त्यांनी बाकीची दोन्ही इंजिनं नीट कसली. इंजिनं वाचली. देवाजीसाठी मात्र त्यांच्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. त्यांनी मला भिंतीवर टांगलं आणि बरोब्बर ‘इंच-पौंड’ या अक्षरांवर कुंकवाचा जाड टिळा लावला.

तेव्हापासून दर खंडेनवमीला त्या टिळ्यावर नवा टिळा चढतो. अक्षरं आता दिसत नाहीत. मला गंज चढलाय. देवाजी समोरच्या गोदामात पोती वाहतो. दारातून त्याची वाकलेली पाठ दिसते.

परवा तो माठातलं पाणी प्यायला आत आला आणि वर बघून थांबला.

“साहेब, याले पुसत नाही काय कोणी?”

“पूजा करतो ना गा दरसाल,” गणपतराव म्हणाले, खाली बघत.

देवाजीनं खांद्यावरचा पोत्याचा तुकडा काढला आणि माझ्याकडे हात उचलला. तो कुंकवापर्यंत पोचणार, तोच गणपतराव ओरडले, “हात नको लावू त्याले!”

त्यानं हात मागे घेतला, ग्लास विसळून ठेवला आणि गेला.

वाचकहो, माझ्यासाठी फूल आणू नका. एक ओलं फडकं आणा, आणि ते कुंकू तेवढं पुसा.